आणीबाणीसाठी रायफल घेताय? या चुका टाळा

कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमध्ये नव्याने राहायला आलेले किंवा कॅल्गरी-एडमंटनहून डेम्पस्टर हायवेवर गाडी घालणारे मराठी लोक हल्ली बरेच भेटतात. गप्पा रंगल्या की कुणीतरी विचारतंच, "काका, रानात अडकलो तर जवळ कोणती रायफल असावी?" प्रश्न रास्त आहे. डॉसनजवळून निघणारा हा रस्ता इनुविकपर्यंत सातशे किलोमीटरच्या वर जातो. पहिलं पेट्रोल ईगल प्लेन्सला, म्हणजे साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर, आणि मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. याच युकॉनमधल्या स्नॅगला ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. इथे तयारीनिशी फिरायलाच हवं. पण या प्रश्नानंतर लोक जे विकत घेतात ते पाहून जीव तुटतो. वर्षानुवर्षं त्याच चुका होतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी रायफल, मग गरज

गाडी बंद पडली किंवा पाय मोडला तर पहिल्या रात्री माणसाला मारते ती थंडी. त्यानंतर पाणी. भुकेचा नंबर फार मागे लागतो. ज्याच्याकडे उणे तीसला चालणारी झोपायची पिशवी, विस्तव पेटवायची दोन-तीन साधनं आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र नाही, त्याने रायफलच्या दुकानाची पायरीच चढू नये. आधी हे घ्या. पैसे उरले तर रायफलचं बोलू.

"मूस (इथलं भलंमोठं हरीण) मारू आणि महिनाभर खाऊ" हा विचार डोक्यातून काढून टाका. चारशे-पाचशे किलोचं जनावर एकट्याने सोलणं, कापणं आणि अस्वलांपासून राखणं हे धडधाकट माणसाचंही कंबरडं मोडणारं काम आहे. हाती लागलंच तर ससा किंवा रानकोंबडी लागेल. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. नुसत्या सशांवर राहिलेली माणसं पोटभर खाऊनही खंगत गेल्याचे दाखले उत्तरेकडे आहेत. माझ्या पिशवीत म्हणूनच लोण्याचा किंवा तुपाचा डबा कायम असतो.

मग रायफल कशासाठी? वेळ लांबली तर छोटी शिकार, जनावर अंगावर आलं तर शेवटचा उपाय, आणि खूण करण्यासाठी. ठरावीक अंतराने झाडलेल्या तीन गोळ्या म्हणजे मदतीची हाक, हे इथला प्रत्येक शिकारी ओळखतो.

अस्वलाच्या भीतीने झेपत नाही ती गोळी घेणं

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीवर.

एक तरुण जोडपं व्हाइटहॉर्सला नोकरीनिमित्त आलं. दोघांनी रीतसर परवाना काढला आणि दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने 'ग्रिझली' (इथलं मोठं तपकिरी अस्वल) हा शब्द उच्चारला आणि यांच्या हातात .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे फार जोरकस काडतुसाची रायफल, ठेवली. वर भलीमोठी दुर्बीण. दस्ता हलका प्लास्टिकचा, त्यामुळे धक्का आणखीच वाढलेला. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दोन गोळ्यांतच मुलीचा खांदा लाल झाला. मुलगा म्हणाला, "मला काही त्रास नाही, पण बंदूकच फेकते." शंभर मीटरवरच्या कागदावर त्याच्या गोळ्या ताटभर पसरल्या होत्या, त्याही सगळ्या खाली आणि डावीकडे.

मी त्याला काही सांगितलं नाही. रायफल मागून घेतली आणि त्याला न दिसेल असं एक खोटं काडतूस (आकार खऱ्याचाच, आत दारू नाही) आत सरकवून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बंद केला. त्याने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. टक्. गोळी सुटलीच नाही, तरी नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं, डोळे घट्ट मिटले, खांदा पुढे आला. बायको शेजारीच उभी होती, तिने ते स्वच्छ पाहिलं. बंदूक फेकत नव्हती. येणाऱ्या धक्क्याला त्याचं शरीर आधीच उत्तर देत होतं.

त्याच दुपारी एकाची साधी .३०८, म्हणजे मध्यम काडतुसाची रायफल, त्यांच्या हातात दिली. या .३०८ पेक्षा मॅग्नमचा धक्का दीडपटीच्या आसपास असतो. खरी आणि खोटी काडतुसं मिसळून सराव सुरू केला. संध्याकाळपर्यंत मुलीचे तिन्ही नेम वाटीच्या आत पडू लागले. नवऱ्याला जास्त वेळ लागला, कारण त्याच्या अंगात भीती मुरली होती. मॅग्नम नंतर तोट्यात विकावी लागली.

अलास्काच्या वन्यजीव खात्याचंही सांगणं हेच आहे: जी रायफल तुम्हाला न बिचकता चालवता येते, तीच आणा. .३०८ किंवा .३०-०६ नेमकी बसली तर पुरते. मॅग्नम चुकीच्या जागी बसली तर जखमी जनावर आणि तुम्ही एकाच झुडपात सापडता. खोट्या काडतुसांचं पाकीट माझ्या पेटीत नेहमी असतं आणि नव्या माणसाला मी ते वापरायला लावतोच. ज्याला हा सराव कंटाळवाणा वाटतो, त्याच्याबरोबर मी रानात जात नाही.

.२२ ला खेळणं समजणं

एनसीसीच्या कॅम्पात पोटावर झोपून पॉइंट टू-टू चालवलेली असते, म्हणून आपल्या लोकांच्या मनात ती पोरांची बंदूक होऊन बसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. पन्नास मीटरवर सशाचं डोकं टिपायला दुसरं काही लागत नाही.

वजनाचा हिशेब करा. .२२ ची ५०० काडतुसं पावणेदोन किलोच्या आसपास भरतात. .३०८ ची तेवढीच काडतुसं बारा किलोंच्या घरात जातात. शिवाय ससा .३०८ ने मारलात तर खायला फारसं उरत नाही. ज्याला एकच रायफल परवडते आणि जो गाडीच्या किंवा झोपडीच्या आसपासच असणार आहे, त्याला मी आजही दर गोळीला हाताने उघड-बंद करायची बोल्ट अ‍ॅक्शनची .२२ च घ्यायला सांगतो, आणि अस्वलावर फवारायचा तिखट स्प्रे. मात्र .२२ ने मूसवर किंवा अस्वलावर गोळी झाडायचं मनातही आणू नका. मोठ्या शिकारीसाठी ती वापरणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि ते जनावराचे हाल करणंही आहे.

घडीच्या रायफलवर भाळणं

अमेरिकी हवाई दलाने १९५६ मध्ये वैमानिकांसाठी आर्मालाइटची एआर-५ स्वीकारली. तिच्यावरूनच पुढे सामान्य गिऱ्हाइकासाठी एआर-७ आली. नळी आणि बाकीचे भाग दस्त्याच्याच पोटात मावतात, वजन दीड किलोच्या थोडं वर, पाण्यात पडली तरी तरंगते. कल्पना सुंदर आहे. पण ती विमान पडलेल्या, जागेवर थांबून सुटकेची वाट पाहणाऱ्या माणसासाठी होती. तिचा नेम जेमतेम असतो आणि काडतुसांच्या बाबतीत ती चोखंदळ असते. अशी रायफल घेतलीत तर वेगवेगळ्या बनावटीची काडतुसं झाडून तिला कोणतं मानवतं ते आधी ठरवा. नळी काढून पुन्हा बसवल्यावर गोळी कुठे जाते, तेही कागदावर बघा. खोकं न उघडता गाडीच्या डिकीत टाकलेली घडीची रायफल म्हणजे नुसतं ओझं.

तेल पाजणं आणि शेकोटीजवळ ठेवणं

ही आणखी एक मोठी चूक, आणि ती हमखास नीटनेटक्या माणसाच्या हातून होते.

फेब्रुवारीत एका मित्राच्या लाकडी झोपडीवर काही जण जमलो होतो. एडमंटनचा एक पुणेकर मुलगा नवी बोल्ट अ‍ॅक्शन घेऊन आलेला. दिवसभर बर्फात फिरून आल्यावर त्याने रायफल आत आणली, चुलीशेजारी टेकवली, बाहेरून छान पुसली आणि बोल्टमध्ये सढळ हाताने तेल सोडलं. "काका, बघा, कशी मख्खन चालतेय!" चुलीजवळ चालतच होती. रात्री झोपताना कुणीतरी ती व्हरांड्यात नेऊन ठेवली.

सकाळी उणे पस्तीस. निशाण्यावर नेम धरून त्याने चाप ओढला, तर आतून मऊसा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. तो लगेच बोल्ट उघडायला निघाला, मी हात धरला. अशा वेळी नळी निशाण्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं, काडतूस उशिरा पेटू शकतं. मग ते बाहेर काढलं. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यावर खोल खड्डा पडायला हवा, तिथे नखाने ओरखडल्याएवढी खूण होती. बोल्ट सुटा करून पाहिला तर आतलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बर्फाचे बारीक कण. उबेत आणल्यावर थंडगार लोखंडावर दव धरलं होतं. ते तेलात मिसळून आत उतरलं आणि बाहेर पुन्हा गोठलं. फायरिंग पिनला, म्हणजे त्या टोपीवर आदळणाऱ्या सुईला, पुढे झेपावायला जागाच उरली नव्हती. समोर कागद होता म्हणून ठीक.

माझी सवय अशी: ऑक्टोबर लागला की बोल्ट पूर्ण उघडायचा, कॅम्पच्या शेगडीच्या पांढऱ्या पेट्रोलने मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब धुऊन तेलाचा अंश काढायचा, आणि कोरडाच जोडायचा. फार तर चिमूटभर ग्राफाइटची पूड. थंडीत फिरतीवर असताना रायफल रिकामी करून कुलूप लावून बाहेरच्या बंद खोलीत ठेवायची, उबेत आणायची नाही. आणावीच लागली तर बंद पिशवीतच ठेवून काही तास हळूहळू उबू द्यायची, मग उघडून कणन् कण कोरडा करायचा. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की बर्फ आत जात नाही. पट्टीतून गोळी खुशाल जाते.

कॅनेडियन रेंजर्सनी, म्हणजे उत्तरेतल्या दुर्गम भागांवर लक्ष ठेवणाऱ्या सैन्याच्या राखीव दलाने, १९४७ पासून सात दशकं ली-एनफील्ड वापरली, आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची तीच थ्री-नॉट-थ्री. २०१८ पासून तिच्या जागी आलेली सी-१९ सुद्धा बोल्ट अ‍ॅक्शनच आहे. आर्क्टिकात राहणाऱ्यांनी केलेली ही निवड आहे, हे लक्षात घ्या. गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकच्या मागे लागणाऱ्या मुलांना मी हेच दाखवतो.

बाकीच्या, थोडक्यात

दुर्बीण दुकानदाराने बसवून दिली म्हणजे नेम जुळला असं नाही. लांबच्या प्रवासानंतर दोन-तीन गोळ्या कागदावर झाडून बघाच. नळीवर नेम धरायची लोखंडी माशी असलेली रायफल मिळाली तर ती घ्या, दुर्बीण धुक्याने आंधळी होते.

सुटं मॅगझिन बर्फात पडलं की सापडत नाही. एक जास्तीचं ठेवा, किंवा आतच मॅगझिन असलेली रायफल घ्या.

पट्टा नसलेली रायफल शेवटी गाडीतच राहते.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, काडतूस ठेवून चालू नका. भरलेली रायफल गाडीत ठेवणं तर गुन्हाच आहे.

क्लुएन नॅशनल पार्कात ट्रेकला जाताना रायफल नेता येत नाही, अस्वलाचा स्प्रे नेता येतो. तो सॅकच्या तळाशी न ठेवता कमरेला लावा, आणि कालबाह्य झालेल्या डब्यावर झटकन काढून फवारायचा सराव करा.

परवान्याचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. सुरक्षेचा अभ्यासक्रम, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के, आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवसांची थांबणूक ठरलेली आहे. काडतुसंही परवान्याशिवाय मिळत नाहीत. जूनमध्ये निघायचं असेल तर हिवाळ्यातच कोर्सला नाव घाला, आणि बर्फ वितळेपर्यंत परवाना असलेल्या कुणाबरोबर तरी रेंजवर जाऊन त्याची .२२ चालवत राहा.