बऱ्याच वर्षांनी सायकलकडे वळताना : हायब्रिड निवडण्यातल्या या चुका टाळा

सुमारे वीस वर्षांच्या खंडानंतर मी हायब्रिड, म्हणजे वेगाची रोड सायकल आणि दणकट माउंटन बाइक यांच्या मधल्या बांधणीची सायकल घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात माझा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला. पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर असे जाऊन-येऊन जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचे ते अंतर होते. आता वय झाले, हे आपल्याला झेपणार नाही, अशी मनाची समजूत घालून मी सायकल विकायला निघालो होतो. आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिकने किंमत सांगण्याआधी मला भिंतीच्या आधाराने सायकलवर बसवले. "साहेब, आधी टाच ठेवा पायडलवर," असे म्हणत त्याने पायडल अगदी खाली आणले आणि माझा गुडघा किती वाकलेला राहतो ते मला हाताने दाखवले. सीट चार सेंटिमीटर खाली होती. ती वर घेतल्यावर आठ-दहा दिवसांत दुखणे थांबले, आणि ती सायकल आजही माझ्याकडे आहे.

तेव्हापासून पुन्हा सायकल घेणाऱ्या ओळखीच्या अनेकांबरोबर मी दुकानात गेलो आहे. माझे मत असे झाले आहे की सायकल सुटते ती बहुतेक वेळा सायकल वाईट असल्यामुळे सुटत नाही. ती रोजच्या रस्त्याला आणि आजच्या शरीराला बेतून घेतलेली नसते, म्हणून सुटते. दुकानात जाताना आपल्या डोक्यात एक तर कॉलेजच्या दिवसांतली सायकल असते, नाही तर सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाण्याचे रविवारचे बेत असतात. ऑफिसला जायचा रस्ता मात्र या दोहोंपेक्षा वेगळा असतो.

रस्ता न पाहता सायकल पाहणे

म्हणून खरेदीआधी एखाद्या सुटीच्या सकाळी तो रस्ता सायकलस्वाराच्या नजरेने पाहून यावा. चढ कुठे आहे आणि किती लांब आहे, खड्डे कुठे आहेत, गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर आहेत का, ऑफिसात सायकल छपराखाली राहील का, आणि घरी ती उचलून जिना चढावा लागेल का, या गोष्टींवर निवड ठरते. सांगलीसारख्या बऱ्याच अंशी सपाट शहरात जी सायकल उत्तम, तीच चांदणी चौकाच्या चढावर जीव काढते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तेरा आणि सोळा किलोंतला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

गिअरच्या बाबतीत इथेच गफलत होते. 'एकवीस गिअर' हा आकडा म्हणजे पुढच्या तीन आणि मागच्या सात दातेरी चकत्यांचा गुणाकार आहे. त्यातले बरेचसे गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की ते वेगळे जाणवतही नाहीत. विचारायचे ते इतकेच, की पुढच्या सर्वांत लहान चकतीला आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला किती दाते आहेत. पुढे २८ आणि मागेही २८ असतील, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा होतो. मागे ३४ असतील तर चाक त्याहून कमी फिरते आणि चढ बसूनच पार करता येतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलीवर पुढे चाळीस-पंचेचाळीस आणि मागे अठराच्या आसपास दाते असत, त्यामुळे तिच्यावर चढ उभे राहूनच चढावा लागे. ती सवय शरीरात मुरलेली असते, आणि म्हणून परतलेला स्वार नव्या सायकलीवरही जड गिअर ओढत राहतो. गुडघ्यांना हे मानवत नाही. हलक्या गिअरवर, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

स्वार आणि सामान मिळून वजन नव्वद किलोंच्या पुढे जात असेल, तर मागच्या चाकाला फ्रीव्हील (चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी पिळून बसवलेला चकत्यांचा संच) आहे की कॅसेट (तुंब्यावर सरकवून बसवलेला संच), हेही विचारावे. फ्रीव्हीलच्या रचनेत उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला असल्याने आसाचा बराच भाग आधाराविना राहतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकण्याची शक्यता अधिक असते.

सस्पेन्शनचा मोह

खड्डे आहेत म्हणून पुढे सस्पेन्शन हवेच, हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु मध्यम किमतीच्या हायब्रिडमध्ये तो बहुधा महागात पडतो. सस्पेन्शनचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग, साध्या चिमट्यापेक्षा किलोभराने, कधी त्याहूनही जड असतो, चढावर उभे राहून जोर लावला की त्यातला काही जोर खालीवर होण्यातच जातो, आणि दोन-तीन पावसाळे निगा न घेता गेले की त्याच्या नळ्या गंजून तो जवळजवळ घट्ट होतो, म्हणजे वजन उरते आणि उपयोग संपतो. शहरातल्या खड्ड्यांवरचा खरा उपाय टायरमध्ये आहे. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यात योग्य हवा असली की साध्या चिमट्याची सायकलही पुरेशी मऊ चालते. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर दुकानात चपळ वाटतात, पण ज्या रस्त्यावर पेव्हिंग ब्लॉक उखडलेले आहेत तिथे ते तळहातांना सोसत नाहीत.

टायरबद्दल आणखी एक गोष्ट. हायब्रिडच्या ७००सी चाकाच्या टायरवर बारीक अक्षरांत ६२२ हा आकडा असतो. टायर रिमवर जिथे बसतो तिथला हा मिलिमीटरमधला व्यास होय. जुन्या २८ इंची सायकलीच्या टायरवर तोच आकडा ६३५ असतो. बोलताना दोन्ही 'अठ्ठावीसचे' म्हणवले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही, आणि वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे बहुतेक वेळा जुन्या मापाचाच माल असतो. आपल्या मापाची एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि लहान पंप पहिल्या दिवसापासून पिशवीत असावेत.

मापाची चूक सर्वांत महाग

बाकीचे सगळे नंतर बदलता येते, फ्रेम बदलता येत नाही. तरीही दुकानात सर्वांत कमी वेळ मापावर जातो. शिल्लक असलेली किंवा सवलतीतली सायकल पुढे केली जाते आणि 'सीट खाली-वर करून देतो' हे उत्तर मिळते. सीट खाली-वर केल्याने फ्रेमची लांबी बदलत नाही. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर जास्त असेल तर मान, खांदे आणि मनगटे यांनाच ते भरून काढावे लागते.

आधी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट तळव्यांवर उभे राहावे. दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. मग सीटवर बसून, टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी आणावे. पाय जवळपास सरळ व्हायला हवा, म्हणजे प्रत्यक्षात पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. त्यानंतर हँडल धरावे: कोपर थोडे सैल वाकलेले आणि खांदे खाली असतील, तर लांबी जुळली. ही तपासणी दुकानातल्या फरशीवर उरकू नये, दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवून पाहावे. लहान आणि मोठ्या अशा दोन मापांच्या मधोमध आपण येत असू, तर शहरातल्या रोजच्या वापरासाठी मी लहान मापच घ्यायला सांगेन.

बरीच वर्षे सायकलपासून दूर असलेल्या जवळपास प्रत्येकाला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात, कारण सिग्नलला पडण्याची भीती असते. भीती खरी आहे, तिला कमी लेखू नये. पण दोन्ही तळवे टेकतील इतकी सीट खाली घेतली, की गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो; माझे झाले ते हेच. योग्य उंचीवर फक्त चवडे टेकतात. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहायचे आणि निघताना एक पायडल वर आणून त्यावर जोर देत सीटवर बसायचे, ही क्रिया सोसायटीच्या आवारात वीस-पंचवीस वेळा केली की हातची होते. तोवर सीट थोडी खाली ठेवून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटिमीटर वर घ्यावी.

रुंद, मऊ, जेलची सीटही अशीच सुरुवातीला सोयीची वाटून फसवते. पहिले दोन आठवडे बैठकीची हाडे दुखणे स्वाभाविक आहे आणि ते आपोआप कमी होते. बधिरपणा मात्र स्वाभाविक नाही. तो आला तर सीटचे टोक वर झाले आहे का, सीट फार उंच आहे का, हे पाहावे.

जोडणीतल्या चुका

खोक्यातून आलेली सायकल घरी जोडणार असाल तर दोन जागी विशेष सावध राहा. डाव्या पायडलला उलटे आटे असतात. पायडलच्या आसावर कोरलेली एल आणि आर ही खूण न पाहता डावे पायडल नेहमीसारखे पिळले, तर क्रँकचे (पायडल ज्या दांड्याला बसते त्याचे) ॲल्युमिनियमचे आटे झिजून जातात आणि संपूर्ण क्रँक बदलावी लागते. दोन्ही पायडले सायकलीच्या पुढच्या दिशेला फिरवली की घट्ट होतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. सुरुवात पान्याने करू नये. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच बसले पाहिजेत. दुसरी जागा चिमट्याची. तो उलटा बसवला गेल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. व्ही-ब्रेकच्या (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकच्या) भुजा पुढच्या बाजूला न दिसता फ्रेमच्या बाजूला दिसत असतील आणि वळताना बुटाचे टोक चाकाला लागत असेल, तर सायकल तशीच चालवू नये.

पहिल्या फेरीआधी कोणती मूठ कोणता ब्रेक लावते हेही जागेवर दाबून पाहावे. सगळ्या सायकलींत ते एकसारखे नसते, आणि मोटारसायकलच्या सवयीने उजवी मूठ दाबणाऱ्याला हा फरक ऐन गर्दीत कळणे धोक्याचे आहे.

मडगार्ड आणि कॅरिअर यांच्यासाठी फ्रेमला आटे पाडलेली भोके आहेत का, हे घेतानाच बघावे. बऱ्याच आकर्षक फ्रेमना ती नसतात, आणि जूनमध्ये पाठीवर चिखलाची रेघ उमटल्यावर उपाय उरत नाही. लॅपटॉपची पिशवी पाठीवर न घेता कॅरिअरवर टाकली की मे महिन्यातला निम्मा त्रास कमी होतो.

सायकल 'बिघडली' असे वाटते तेव्हा

पहिल्या महिन्याभरात गिअर खडखडू लागतात आणि चेन मध्येच उडी मारते. सायकल खराब निघाली असे वाटते, पण नवी केबल आणि तिचे आवरण या काळात जागेवर बसत असते. गिअर बदलण्याच्या यंत्रणेशी, केबल जिथे शिरते तिथला गोल स्क्रू अर्ध्या फेऱ्याने फिरवून ते बहुधा सुधारते. महिन्याभरानंतरची पहिली सर्व्हिसिंग म्हणूनच चुकवू नये. त्याच वेळी आऱ्यांचा ताण बघून चाकाचा आउट, म्हणजे डावी-उजवीकडची डगमग, काढून घ्यावा आणि सगळे नटबोल्ट आवळून घ्यावेत. पुढे सर्वांत मोठी आणि मागेही सर्वांत मोठी चकती, किंवा दोन्हीकडे सर्वांत लहान, अशी जोडी टाळली की चेन तिरकी ओढली जात नाही आणि तो आवाजही राहत नाही. सिग्नल लाल दिसताच, पाय फिरत असतानाच गिअर हलका करून ठेवावा.

पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर पॅच लावून मोकळे होण्याआधी भोक कुठे आहे ते बघावे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेने ट्यूब रिमवर चेपली गेली. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर टायरच्या आतून जपून बोट फिरवावे; बाभळीचा काटा किंवा फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार तिथेच रुतलेली असते, आणि ती काढली नाही तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसते. हवा अंगठ्याने दाबून ठरवू नये. टायरच्या कडेवर दाबाची मर्यादा पीएसआयमध्ये छापलेली असते, या रुंदीच्या बहुतेक टायरवर ती ५० ते ७५ च्या दरम्यान असते; आठवड्यातून एकदा मीटरच्या पंपाने त्या मर्यादेच्या आत हवा भरावी.

डिस्क ब्रेक किंचाळत असेल तर बहुतेकदा चेनला मारलेल्या तेलाच्या फवाऱ्याचा अंश डिस्कवर गेलेला असतो. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यावे आणि वरचे पुसून काढावे. फवारा डिस्कच्या आसपास नेऊच नये. पावसाळ्यात हे तेल दर चार-पाच दिवसांनी लागते.

हात बधिर होत असतील तर सीटचे टोक खाली झुकले आहे का ते पाहावे, कारण तसे असेल तर शरीर पुढे घसरते आणि सगळा भार तळहातांवर येतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर फार वर. बदल एका वेळी एकच आणि अर्ध्या सेंटिमीटरचा करून तीन-चार दिवस चालवावे, नाही तर कशाने गुण आला हे कळत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, किंवा चाळिशीनंतर अनेक वर्षे व्यायामच झालेला नसेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारावे आणि पहिला महिनाभर एक दिवसाआड जावे.

इतके सगळे करूनही मान आणि खांदे दुखत राहिले, तर हँडल धरणारा पुढचा दांडा आखूड बसवून पाहावा; दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने पुष्कळांचे काम होते. त्यानेही भागले नाही तर फ्रेम मोठी आहे, आणि मग ओढूनताणून चालवत राहण्यापेक्षा सायकल नवी दिसते आहे तोवर विकून लहान माप घ्यावे.