शिडीला आधार लावला तरी ती सरकते? या चुका टाळा

मे संपत आला की घरोघरी शिड्या बाहेर निघतात. पन्हळीतला पाला काढायचा असतो, पत्र्याचे हुक आवळायचे असतात, कोकणात कौलं चाळायची असतात, टाकी धुवायची असते. हल्ली शिडीबरोबर ऑनलाइन मागवलेली जोडसाधनंही दिसू लागली आहेत: वरच्या टोकाला लावायचे आडवे हात, खाली लावायचे कमीजास्त होणारे पाय, रबरी चटया, तळाशी बसवायची रुंद पट्टी. साधनं चांगलीच आहेत. पण शिडी चार तऱ्हांनी पडते. खालचा पाय मागे सरकतो, वरचं टोक बाजूला घसरतं, शिडी कुशीवर कलंडते किंवा माणसासकट पाठीमागे येते. कोणतंही साधन यातल्या एखाददुसऱ्या तऱ्हेवरच चालतं. घसरत असतो पाय आणि आपण इलाज करतो डोक्यावर, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

वर हात लावले, अंतर तेच ठेवलं

बाजारात ‘लॅडर स्टॅबिलायझर’ म्हणून मिळतो तो बहुधा अॅल्युमिनियमच्या पाइपचा, इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा असतो. शिडीच्या वरच्या टोकाशी तो बोल्टने आवळतात. त्याचे दोन हात भिंतीला तीन-चार फुटांच्या अंतरावर टेकतात आणि शिडी भिंतीपासून साधारण फूटभर लांब राहते. फायदा खरा आहे. पन्हळीवर भार येत नाही, खिडकी मधोमध सोडून काम करता येतं आणि वरचं टोक बाजूला सहज घसरत नाही. खालच्या पायाचं मात्र तो काहीही करत नाही.

टेकवलेल्या शिडीचा नियम जुनाच आहे: चारास एक. टेकण्याची जागा १२ फूट उंच असेल तर पाय भिंतीपासून ३ फूट. कोन येतो साधारण ७५ अंशांचा. हा आकडा कुणाच्या लहरीचा नाही. ७० किलोचा माणूस पार वरच्या टोकाशी पोचला की या कोनात शिडीचा पाय सुमारे साडेसतरा किलोच्या जोराने मागे रेटला जातो (शिडीचं स्वतःचं वजन वेगळं). तोच पाय ३ ऐवजी ६ फुटांवर ठेवला की रेटा दुप्पट, ३५ किलोच्या घरात. कोरड्या खरखरीत कोब्यावर तो निभेलही. शेवाळलेल्या शहाबादीवर नाही. आणखी एक गोष्ट अशी की खालच्या पायऱ्यांवर असताना हा रेटा थोडा असतो आणि माणूस जसजसा वर चढतो तसतसा वाढत जातो. म्हणून ‘दोन पायऱ्या चढून नाचून पाहिलं, घट्ट आहे’ या चाचणीला काही अर्थ नाही.

आता स्टॅबिलायझरची खरी गोम. भिंतीपासून शिडीचं डोकं फूटभर पुढे आलं, पण पाय आपण सवयीने ३ फुटांवरच ठेवला. म्हणजे शिडीला आडवं अंतर मिळालं फक्त २ फूट आणि कोन चढला ८० अंशांच्या वर. अशी शिडी घसरत नाही, ती मागे येते. वर गेलेल्या माणसाने बादली घ्यायला किंवा ड्रिल ओढायला अंग जरा मागे टाकलं की पुरे. तेव्हा हात लावले की चारास एक या हिशेबात हातांची लांबी मिळवा. १२ फुटांना ३ फूट, अधिक १ फूट, म्हणजे पाय ४ फुटांवर.

मोजपट्टी हाताशी नसेल तर रंगारी करतात ती खूण करा. शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे खांद्याच्या उंचीच्या पायरीवर अलगद टेकले तर कोन बरोबर. कोपर वाकवावं लागलं तर शिडी फार उभी आहे, वाकून पोचावं लागलं तर फार आडवी. ही खूण शिडीचाच कोन सांगते, त्यामुळे स्टॅबिलायझरचे हात लावलेले असोत वा नसोत, ती चालते.

दोन किरकोळ गोष्टी. सरकत्या दोन भागांच्या शिडीला हात लावायचे ते वर जाणाऱ्या भागाला. खालच्या भागाला लावले तर वरचा भाग मोकळाच राहतो. आणि हातांचं वजन टोकाला येत असल्यामुळे शिडी उभी करताना ती अचानक जड लागते, कलते. एकट्याने उभी करायची सवय असेल तर या दिवशी मोडा.

रबराखाली काय आहे ते न पाहणं

शिडी उलटी करून तिचे बूट बघितलेत कधी? निम्म्या घरांत रबर एका कडेला झिजून अॅल्युमिनियम बाहेर आलेलं सापडेल. फरशीवर चकचकीत करडे ओरखडे दिसत असतील तर धातू घासतोय. काळे पट्टे असतील तर रबर आहे, पण सरकतंय. पहिल्याला नवे बूट, दुसऱ्याला कोन आणि फरशी तपासणं हा इलाज. बूट स्वस्त असतात. मापाने मिळाले नाहीत म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे बांधू नका, ते ऐन भाराखाली वळतात.

रबरी चटई घेतली असेल तर ती अंथरण्याआधी जागा झाडून, पुसून कोरडी करा. धुळीवर ठेवलेली चटई स्वतःच सरकते. गोणपाटाचा तर विचारही नको. ओल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट म्हणजे शिडीला लावलेली चाकं.

काही शिड्यांचे बूट फिरते असतात: एका बाजूने सपाट रबर, दुसऱ्या बाजूने मातीत रुतणारे दात. मागच्या खेपेला परसात वापरलेली शिडी तशीच दात खाली ठेवून व्हिट्रिफाइड फरशीवर आणली जाते आणि कुणी पाहत नाही.

युरोपातल्या मानकाने २०१८ पासून टेकवायच्या ३ मीटर किंवा त्याहून लांब शिडीला तळाशी रुंद बैठक सक्तीची केली. त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या काही शिड्यांच्या खोक्यातही अशी आडवी पट्टी सुटी येते. ती बोल्टने बसवायची असते. ‘ने-आण करताना अडते’ म्हणून ती माळ्यावर जाते आणि शिडी अर्धीच वापरली जाते. ही पट्टी कुशीवर कलंडण्याविरुद्ध आहे. तिची गरज सगळ्यात जास्त तेव्हा लागते, जेव्हा आपण शिडी न हलवता ‘हात पोचतोय की’ म्हणत बाजूला झुकतो. पोटाचं बक्कल दोन्ही उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे, पट्टी असली तरी.

उतारावर वीट

अंगणाचा उतार, जिन्याच्या पायऱ्या, पेव्हर ब्लॉक खचलेला कोपरा. इथे सर्रास एका पायाखाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा जातो. यासाठी कमीजास्त होणारे पाय मिळतात आणि ते घेण्यासारखे आहेत. पण पिन भोकात पूर्ण बसून पलीकडे दिसली पाहिजे. अर्धवट अडकलेली पिन रिकाम्या शिडीला धरते आणि माणसाला सोडते. ते बसवण्यासाठी दांडीला आपल्या मनाने नवीन भोकं पाडू नयेत, वेल्डिंग तर मुळीच नको. अॅल्युमिनियमची दांडी वेल्डिंगच्या जागी कमजोर होते.

हे पाय डावी-उजवीकडच्या उतारासाठी असतात. जमीन भिंतीकडून तुमच्याकडे उतरत असेल तर ते उपयोगाचे नाहीत. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याची मार्गदर्शिका बाजूचा उतार १६ अंशांपर्यंत आणि मागचा फक्त ६ अंशांपर्यंत मान्य करते. जास्त उतार असेल तर जागा बदला.

गोल टाकी

आपल्या गच्च्यांवरची खास अडचण ही. हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी, साडेतीन फुटांच्या आसपास व्यास, आणि तिला टेकवलेली शिडी. फुगीर बाजूवर दोन्ही दांड्या धड टेकत नाहीत, आतल्या कडांवर उभ्या राहतात. झाकण उघडायला माणूस एका अंगाला झुकला की शिडी टाकीभोवती वळायला लागते. धुण्यासाठी टाकी रिकामी केलेली असते, म्हणजे ती हलकीही झालेली असते आणि धक्क्याने बैठकीवर सरकते. त्यात खालची फरशी धुण्याच्या पाण्याने ओली.

इथे स्टॅबिलायझर लावण्याचा मोह होतो. लावू नका. त्याच्या हातांची टोकं टाकीच्या दोन्ही बाजूंनी हवेत जातात आणि टेकतो तो मधला पाइप, तोही गोलाईवर. सगळ्यात बरी ती घडीची शिडी, रंगारी जिला घोडा म्हणतात ती. चारही पाय फरशीवर, मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून कुलूपबंद, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभं न राहता. टेकवायचीच वेळ आली तर टाकीला नको, टाकीखालच्या अँगलच्या लोखंडी चौकटीला किंवा शेजारच्या पक्क्या कठड्याला टेकवा आणि बांधा. टाकीला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपला दोरी बांधणारे लोकही पाहिले आहेत. तो पाइप शिडी धरणार नाही, वर गच्चीभर पाणी होईल ते वेगळं.

दोरी, आणि खाली उभा राहणारा

सगळ्या साधनांत दोरी मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाते. दोन्ही उभ्या दांड्या बांधायच्या, पायरी नाही. पत्र्यावर किंवा गच्चीवर उतरायचं असेल तर शिडीचं टोक कडेच्या वर ३ फूट तरी हवं, म्हणजे पाय टाकताना धरायला काही राहतं. शिडीवरून पलीकडे जाण्याचा आणि परत पाय टाकण्याचा तो एक क्षण सगळ्यात वाईट, कारण तेव्हा शिडीला बाजूचा झटका बसतो. वर दोरी नसेल तर शिडी तिथेच सटकते.

पहिल्यांदा बांधायला वर जाताना मात्र खाली माणूस लागतोच. ‘धर रे जरा’ म्हणून ज्याला उभं केलं जातं तो एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरतो. त्याने दोन्ही हातांनी दोन्ही दांड्या धरायच्या, एक पाय खालच्या पायरीवर ठेवायचा, वर बघत राहायचं. तरीही कुशीवर कलंडणारी शिडी तो थोपवू शकत नाही.

धातूच्या शिडीला रुंद हात लावले की ती सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारेच्या) आणखी जवळ जाते, हेही उभी करण्याआधी बघा. विजेच्या कामाला फायबरची शिडीच हवी.

डुलते, पण का?

घोडा तिरका डुलत असेल तर दोष फरशीचा की शिडीचा, हे ओळखणं सोपं आहे. जो पाय उचलला जातो त्यावर खडूने खूण करा आणि शिडी तिथल्या तिथे काटकोनात फिरवा. त्याच जागी आता दुसरा पाय उचलला गेला तर फरशी खाली आहे. खुणेचाच पाय पुन्हा अधांतरी राहिला तर चौकट पिळली आहे, आणि पिळलेली चौकट ठोकून सरळ होत नाही. पायरी हाताने फिरत असेल, रिव्हेट सैल असेल, तरी शिडी बादच. बांबूच्या शिडीवर ऑइलपेंट दिसला तर घेऊच नका; चिरा त्याखाली झाकल्या जातात. बाद शिडी भंगारात देण्याआधी मधून कापा, नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीवर चढते.