वन्यजीव संरक्षणात गावाशी भागीदारी करताना या चुका टाळा

एका बाजूला संस्था, वनखातं किंवा पर्यटन कंपनी आणि दुसऱ्या बाजूला गाव, असा करार फिसकटला की 'लोकांनाच जंगलाची किंमत नाही' असं सर्रास म्हटलं जातं. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा करारातच खोट असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फायदा गावाचा आणि तोटा एका घराचा. पर्यटनाच्या पैशातून शाळेची खोली उभी राहते, पण हत्तींनी ज्याचा मका एका रात्रीत तुडवला त्याच्या चुलीला तिचा काय उपयोग? झिम्बाब्वेत १९८९ साली सुरू झालेल्या 'कॅम्पफायर' कार्यक्रमात शिकार-पर्यटनाचं उत्पन्न जिल्हा परिषदांमार्फत खाली यायचं, आणि बऱ्याच ठिकाणी घरापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं फार थोडं उरायचं. नामिबियाने १९९६च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे गावांच्या नोंदणीकृत समित्या पर्यटन कंपन्यांशी स्वतः करार करतात. तेव्हा पैसा थेट गावाच्या खात्यात जाऊ द्या, हिशेब भर बैठकीत वाचा आणि नुकसान सोसणाऱ्या घरांचा वाटा आधी काढा.

दुसरी चूक पंचनाम्यात होते. पहाटे मालकाला सिंहाने अर्धवट खाल्लेलं वासरू सापडतं. तपासनीस येतो तिसऱ्या दिवशी. तोवर तरसांनी हाडंसुद्धा ओढून नेलेली असतात, म्हणजे पुरावाच नाही आणि अर्ज नामंजूर. पुढच्या खेपेला तो माणूस अर्ज करत बसत नाही, मढ्यावर विष टाकतो. त्यात सिंहाबरोबर गिधाडंही मरतात. म्हणून गावातलाच माणूस पंचनाम्यासाठी तयार करा, त्याच दिवशी फोटो काढून घ्या आणि पैसे कधी मिळणार ती तारीख आधीच सांगा. केनियात म्बिरिकानी इथे २००३ साली सुरू झालेल्या भरपाई निधीत गोठ्याचं कुंपण धड नसेल तर रक्कम कमी मिळते. ही अट मला योग्य वाटते, मात्र कुंपण घालायला आधी मदत केली असेल तरच.

मुखियाची सही म्हणजे गावाची संमती, असंही धरू नका. सरपण आणणाऱ्या बायका आणि वर्षातले चारच महिने येणारे गुराखी त्या बैठकीत नसतात, आणि चराई बंद झाली की झळ पहिली त्यांनाच बसते. २००७च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात संमती मुक्त, आगाऊ आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली असावी असं म्हटलं आहे. आगाऊ म्हणजे हद्दीचे खांब रोवण्याआधी. नकाशा घेऊन पाणवठ्यावर जा, गुराख्यांच्या वाटा त्यांनाच काढायला लावा.

सगळी भिस्त पर्यटनावर ठेवू नका. २०२०मध्ये विमानं थांबली आणि वनरक्षकांचे पगार अडकले. चांगल्या वर्षातली थोडी रक्कम राखीव ठेवा, आणि भागीदार मध्येच निघून गेला तर जमीन, वाहनं आणि खात्यातली शिल्लक कोणाकडे राहील, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या.