पाळक महिन्यातून एकदा येतात, त्या गावातील मंडळी कशी चालवावी

यवतमाळ किंवा अमरावती जिल्ह्यातील एखाद्या गावात आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबे असतात, चर्चची इमारत नसते आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तालुक्याहून महिन्यातून एकदाच येतात. उरलेले रविवार कुणाच्या तरी सपरीत बसून मंडळीलाच, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहालाच, सांभाळावे लागतात. त्यासाठी काय काय लागते ते बायबलमधील प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये आले आहे: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे (म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) आणि प्रार्थना. यांपैकी सर्वांत अवघड सहवास, कारण त्यासाठी माणसे एका वेळी एका ठिकाणी यावी लागतात.

म्हणून आधी वेळ ठरवावी. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात असते, मजुरी किलोवर मिळते आणि रविवारची सकाळ चुकवणे म्हणजे हातचे पैसे सोडणे असते. त्या दिवसांत उपासना संध्याकाळी ठेवावी, उन्हाळ्यात अगदी सकाळी. शहरातील चर्चची वेळ आपल्याला बांधून घेण्याचे कारण नाही. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि ज्यांच्याजवळ काही नसे ते उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना कडक शब्दांत लिहिले आणि शेवटी सांगितले की, जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा (१ करिंथ ११:३३). हे वचन प्रभुभोजनापुरतेच आहे असे मला कधी वाटले नाही.

शिक्षणासाठी विद्वान वक्ता लागत नाही. एक उतारा दोनदा सावकाश वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी विचारावे की काय ऐकू आले. गीतांसाठी टाळ-ढोलकी पुरेशी आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतील एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून (बायबलच्या दुसऱ्या भागापासून) ज्यांचा ख्रिस्ताकडचा प्रवास सुरू झाला, त्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजनाच्या चालीवर पदे लिहिली, त्यामुळे पुस्तक हातात नसलेली आजीसुद्धा ती म्हणू शकते. प्रार्थनेत नावे घेऊन, थोडक्यात बोलावे.

प्रभुभोजन पाळकांच्या हातून होते, तयारी मात्र आपली. धुतलेले पांढरे कापड, पाव आणि लहान पेले आदल्या रात्रीच मोजून ठेवावेत, उशिरा येणाऱ्यांसाठी चार-पाच पेले जास्तीचे. द्राक्षरस मिळत नसेल तर काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, सुती कापडातून गाळता येतात, पण ते चालते का हे पाळकांना आधी विचारावे, कारण प्रत्येक पंथाचा नियम वेगळा आहे. सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, तरी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात जुन्या मिशनची नावे अजून येतात. त्यावरून वाद घालू नये.

दानार्पणाबाबत मात्र काटेकोर असावे. पैसे दोघांनी सर्वांसमोर मोजावेत, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी. वर्गणी पोहोचवताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलानेही सोबत माणसे घेतली होती (२ करिंथ ८:२०). कापणीच्या सणाला लोक तुरी, कापूस, भोपळे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. तेव्हा बोली लागताच नाव व रक्कम लिहावी. आमच्याकडे एका वर्षी हे राहून गेले आणि एका भोपळ्याच्या पैशावरून दोन घरे पुढच्या पेरणीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी मत्तय १८:१५ प्रमाणे एक जण दुसऱ्याकडे एकटा गेला. ते आधी व्हायला हवे होते, पण आम्ही सगळ्यांनी पंचायत बसवण्याची घाई केली होती.

जमलेल्या पैशांतून विधवा, आजारी आणि कर्जात अडकलेले घर यांना आधी द्यावे, ढोलकीचे नवे चामडे नंतर.

उपासना संपल्यावर कोण आले नाही ते वहीत पाहावे आणि त्याच दिवशी दोघांनी त्या घरी जाऊन यावे. चहा नाकारू नये, आणि गैरहजेरीचा विषय आपण होऊन काढू नये.