पेन्शनीवर आलात? आता माणसं जोडा

मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी परतलो. पलटणीत मित्र शोधावे लागत नाहीत, शेजारची खाट हाच मित्र. गावात बरोबरीची पोरं मुंबई-पुण्याला गेलेली.

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नोंद करा. तिथं आणि मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत तालुक्यातली माणसं भेटतात. नंबर घेतलात तर चार दिवसांत फोनही करा. ४ फेब्रुवारीला, १६७० साली सिंहगड घेतला त्या दिवशी, आपल्या रेजिमेंटचा मराठा दिन. जुन्या पलटणवाल्यांना जेवायला बोलवा.

पण फौजींतच अडकू नका. मी पहाटे भरतीच्या पोरांना १६०० मीटर पळवतो. घड्याळ धरून उभं राहिलं की ‘मेजर, टाइम किती?’ करत पोरं धापा टाकत येतात, मग त्यांचे बाप चहाला बोलावतात. गणेश मंडळात गेलात तर पहिल्या वर्षी सतरंज्या उचला, हुकूम सोडू नका. ‘आमच्या युनिटमध्ये असं नव्हतं’ ऐकायचा गावाला भारी कंटाळा.

कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीवर डोळा ठेवून येणाऱ्यांना दोनदा नुसता चहा पाजा, आपोआप गळतात. आणि घरच्या बाईला विचारा. तुम्ही सरहद्दीवर होता तेव्हा नाती तिनंच राखलीत. कुणाच्या दारात आधी जायचं, तिला ठाऊक असतं.