शाळेच्या चॅपलमध्ये या चुका टाळा

चॅपलमध्ये, म्हणजे शाळेतल्या छोट्या प्रार्थनामंदिरात, पाऊल टाकल्यावर आधी दिवा शोधा. टॅबर्नॅकलजवळ (परमप्रसाद ठेवायच्या छोट्या कपाटाजवळ), बहुतेक ठिकाणी लाल काचेत, तो अखंड तेवत असतो. दिवा पेटलेला असेल तर आत परमप्रसाद (उपासनेत पवित्र केलेली भाकर) ठेवलेला आहे, म्हणजे कॅथलिक श्रद्धेनुसार प्रभू ख्रिस्त तिथे खरोखर उपस्थित आहे. शाळेच्या चॅपलमधल्या बहुतेक चुका उद्धटपणातून होत नाहीत. मुलांना हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं, म्हणून होतात.

गुडघा आणि नमन यांत गल्लत

टॅबर्नॅकलसमोर उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा. वेदीला मात्र कमरेतून वाकून नमन करायचं. मुलं चालता चालताच गुडघा जरासा दुमडतात आणि बाकात घुसतात. बाकाची कड धरा, गुडघा पूर्ण टेकवा, क्षणभर थांबा, मग उठा. गुडघे दुखत असतील तर वाकून नमन पुरे. गुड फ्रायडेला टॅबर्नॅकल रिकामं असतं, त्यामुळे त्यापुढे गुडघा टेकत नाहीत. त्या दिवशीच्या क्रूसवंदनेनंतर पास्काच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या) जागरणविधीपर्यंत क्रूसापुढे टेकतात.

परमप्रसादाच्या रांगेतली घाई

सर्वांत गंभीर चूक इथे होते, आणि ती टाळणं शिक्षकांच्या हातात आहे. बाक पटापट रिकामे व्हावेत म्हणून अख्खी रांग उठवली जाते. मग दुसऱ्या धर्माचं एखादं मूल पुढे जातं, इतरांचं बघून हात पसरतं, हातात आलेल्या होस्टचं (परमप्रसादाच्या पातळ चकतीचं) काय करायचं ते न कळून ती खिशात ठेवतं. त्या मुलाला रागावू नका. होस्ट कचऱ्यात टाकू नका, फादरांकडे द्या. ती पाण्यात पूर्ण विरघळवून ते पाणी त्यासाठीच्या खास कुंडात ओतलं जातं. होस्ट खाली पडली तर पाय आहे तिथेच ठेवा. वाटणारी व्यक्ती ती उचलेल.

मिस्सेआधी (परमप्रसादाच्या उपासनेआधी) वर्गातच स्पष्ट सांगा : ज्यांचं पहिलं कम्युनियन (परमप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी) झालंय आणि जे कृपावस्थेत आहेत, म्हणजे ज्यांच्यावर गंभीर पापाचं ओझं नाही, अशा कॅथलिकांनीच परमप्रसाद घ्यायचा. त्याआधी १ तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. बाकीच्यांनी जागेवर शांत बसावं. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून आशीर्वादासाठी पुढे येण्याची पद्धत आहे. तुमच्या चॅपलमध्ये काय चालतं ते फादरांना आधी विचारून ठेवा.

वेदीचं टेबल करणं

हजेरीपट, माइकच्या वायरी, पाण्याच्या बाटल्या वेदीवर नकोत. फुलंही वेदीवर नाही, तिच्या आजूबाजूला ठेवायची. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात तीही नसतात. त्या काळातला चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे अपवाद. वेदीच्या वस्त्रावर मेण सांडलं तर ओलं असताना पुसू नका, ते धाग्यांत मुरतं. पूर्ण घट्ट होऊ द्या, बोथट कडेने खरवडा, मग वर-खाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कागद मेण शोषून घेईल. डाग येईनासा होईपर्यंत कागद बदलत राहा.

गुडघे टेकायची फळी पायाने ढकलू नका. ती धाडकन आपटते आणि प्रार्थनेत बसलेला प्रत्येक माणूस दचकतो. हाताने धरून खाली सोडा.

सभागृह मिळालं नाही म्हणून चॅपल

परीक्षा, पालकसभा, नाचाची तालीम यांसाठी चॅपल नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम १२१० पवित्र जागेत उपासना आणि भक्तीला पोषक तेवढंच करू देतं. एखाद्या वेळेपुरती वेगळी परवानगी द्यायचा अधिकार धर्मप्रांताच्या प्रमुखाला आहे, मुख्याध्यापकांना नाही. भक्तिसंगीताचा कार्यक्रम असेल तर व्हॅटिकनच्या १९८७च्या पत्रानुसार प्रवेश विनामूल्य असावा आणि शक्य असल्यास परमप्रसाद आधी दुसरीकडे हलवावा.

दिवा विझलेला दिसला तर

परमप्रसाद हलवलाय असं परस्पर धरून चालू नका. मेणबत्ती संपलेली असू शकते. चॅपल सांभाळणाऱ्यांना लगेच सांगा, आणि खात्री होईपर्यंत गुडघा टेकत राहा.