मेंदूच्या शिरा कडक होतात तेव्हा घरात काय करायचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे मेंदूचा झटका येऊन लकवा झालेल्या पेशंटकडे घरी जाऊन व्यायाम घेते. मी पोचते तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फाइल उघडली की एमआरआयच्या रिपोर्टात पुष्कळदा जुन्या, बारीक झटक्यांच्या खुणा लिहिलेल्या दिसतात आणि घरात त्यांचा कुणालाच पत्ता नसतो. हे लिहितेय ते माझी गरज पडायच्या आधी वाचण्यासाठी.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या वयानुसार कडक होतातच. बीपी, साखर, तंबाखू आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल तेच काम फार लवकर उरकतात. मोठ्या धमनीत, विशेषतः मानेत ती दुभंगते तिथे, आतून चरबीचा आणि कॅल्शियमचा थर धरतो. थराला तडा गेला की त्यावर गुठळी होते, ती सुटून वर मेंदूत अडकते. आतल्या बारीक धमन्यांची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं बीपीचा मारा खाऊन त्यांच्या भिंती जाड होतात, मग त्या बुजतात किंवा फुटतात. यातलं काहीही दुखत नाही. "मला बीपी वाढलं की लगेच कळतं" म्हणणारे मला रोज भेटतात. नाही कळत हो!

म्हणून मोजायचं, आणि नीट मोजायचं. यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा; जाड दंडाला लहान पट्टा आवळला तर आकडा उगाच वर जातो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मग पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे फोन नाही आणि स्वयंपाकघरात सूचनाही नाहीत. सकाळी गोळी घ्यायच्या आधी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, संध्याकाळी तसंच दोनदा, असं सात दिवस. आकडे कालनिर्णयच्या त्या-त्या चौकटीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर कॅलेंडर काखेत मारून डॉक्टरकडे जा.

मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी १८६/१०८ भरलं होतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा ३००/१९० होता. एवढा मोठा माणूस, पण तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. आज अम्लोडिपिन सरकारी दवाखान्यातही मिळते, आणि आपण "आता नॉर्मल आलंय" म्हणून ती बंद करतो. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडायची नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी. त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरायचं. सैंधव हेही मीठच. तंबाखू बंद. मिश्रीला बायका व्यसन म्हणतच नाहीत, पण तीही तंबाखूच आहे.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. हातातला कप निसटतो, जीभ जड होते, एका पायातली चप्पल मागे राहते आणि कळतही नाही, किंवा एका डोळ्यापुढे पडदा येतो. आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत. घरात निदान तयार असतं: पित्त झालं, हात अंगाखाली आला. हा येऊन गेलेला झटका असू शकतो आणि मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. बरं वाटतंय तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मानेचा डॉपलर, म्हणजे तिथल्या धमन्यांची सोनोग्राफी, करायचा का, हे तिथे आवर्जून विचारा. धमनी ७० टक्क्यांच्या वर अरुंद झालेली निघाली तर बहुतेकदा ऑपरेशनचा विचार होतो, आणि ते ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांत झालेलं बरं.

लक्षणं गेली नाहीत तर आधी घड्याळ बघा. दात दाखवायला सांगा, तोंड एकीकडे ओढलं जातंय का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, तळवे वर. एक हात हळूहळू खाली उतरतो का बघा. "आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंत?" असं विचारा. अचानक तोल जाणं, दोन-दोन दिसणं हेही त्यातलंच. एक जरी गोष्ट चुकली तरी १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेतून उठताना झालं असेल तर रात्री तो कधी ठीक होता ते सांगायचं.

तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही, कारण शीर बुजली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. बीपीची जादा गोळीही नको. मधुमेह असेल तर बोटाला टोचून साखर बघा. ती फार उतरली तरी माणूस असाच दिसतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कबुतराचं रक्त चोळायला नेणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाडीत बसा.

आणि हे आजच करून ठेवा. जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांना फोन लावून विचारा: रात्री सीटी स्कॅन चालू असतं का, लकव्याचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? जिथे दोन्हीला हो म्हणतील त्याचं नाव आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. चालू गोळ्यांची यादी तिथेच लावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीखाली लाल रेघ ओढा, कारण इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर तिच्याबद्दल हमखास विचारतात.